थिबा, आत्या आणि तुटलेली चप्पल

लहानपणी मला थिबा हा माणूस होता, ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी धरून रत्नागिरीत आणून ठेवलेला, हेच माहीत नव्हतं. थिबा म्हणजे रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता. "थिबाजवळ सोडा", "थिबाच्या जरा अलीकडे घ्या", "थिबाला पोचलीस की फोन कर". रत्नागिरीत वाढलेल्या कुणालाही विचारा, हेच सांगेल. शाळेतून एकदा सहल नेली होती तिथे, पण त्या सहलीतलं मला फक्त डब्यातलं थालीपीठ आठवतंय आणि मैत्रिणीने आंब्याखाली बसून सांगितलेली भुताची गोष्ट. राजाबिजा काही आठवत नाही.

तर या दिवाळीनंतरच्या सुट्टीत माहेरी गेले होते, बरोबर बहिणीचा मुलगा, वय वर्षं अकरा, ज्याला दर दोन मिनिटांनी बोअर होतं. त्याला म्हटलं चल तुला राजवाडा दाखवते. सोमवारी गेलो. बंद. सोमवारी बंद असतं हे सगळीकडे लिहिलेलं आहे, फोनवर पण दिसतं, फक्त मी बघितलं नव्हतं. भाच्याने माझ्याकडे असं बघितलं की बास. परत आलो तर आत्या पायरीवर बसून भाजी निवडत होती, म्हणाली, "अगो सोमवारी कुठे जातेस, मला विचारायचं तरी. उद्या जाऊ, मी पण येत्ये." आत्या आता पंचाहत्तरीची आहे, जन्म गेला रत्नागिरीत, आणि थिबा पॅलेस तिने शेवटचा कधी आतून बघितला ते तिलाही आठवत नव्हतं. गावातलं बघायचं ते पाहुणे आले की, असाच आपल्याकडे नियम आहे.

मंगळवारी गेलो. आणि गेटमधून आत चालत येताना माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला.

आत्याकडे सेफ्टी पिन असतेच, बांगडीला अडकवलेली. तिने तिथेच उभ्या उभ्या पिन लावून दिली, मी चार पावलं टाकली, पिन उघडून तळव्याला टोचली, मग मी दोन्ही चपला काढून पिशवीत टाकल्या आणि अनवाणीच निघाले. हे सांगायचं कारण असं की त्यामुळे मला तो वाडा आधी पायाने कळला. बाहेरचा जांभा, पावसाने खरखरीत झालेला, वर वाळलेलं शेवाळ. मग लाकूड. आणि मग खाली तो मोठा हॉल आहे ना, डान्स हॉल म्हणतात, त्याला संगमरवर आहे, इटलीचा म्हणे. बाहेर ऑक्टोबर हीटने जीव चाललेला आणि पाय त्या फरशीवर पडला तसं एकदम टाळूपर्यंत गार वाटलं. भाच्याने बघितलं आणि लगेच त्यानेही बूट काढले. पाच मिनिटं तो नुसता उभा होता तिथे, बोअर झालं असं एकदाही न म्हणता, हे मी नोंदवून ठेवते.

वाडा कसा आहे ते सांगते, न बघितलेल्यांसाठी. लाल जांभ्याचा, मजल्यावर मजले, वर उतरतं छप्पर, आणि खिडक्या. खिडक्याच खिडक्या. वर अर्धगोल कमानी आणि त्यात लाकडी नक्षी. म्हणजे इंग्रज साहेबाचा बंगला आणि ब्रह्मदेशातलं देऊळ यांचं लग्न लावून दिलं तर जे होईल ते, आणि बांधलेलं पुन्हा आपल्या मातीच्या दगडात. लोक त्याला सुंदर म्हणतात. मला सुंदरपेक्षा मोठा वाटला, आणि जरा ओशाळलेला. आत्याचं मत वेगळंच. ती खाली उभी राहून खिडक्या मोजायला लागली, सोडून दिलं मधेच, आणि म्हणाली, "पावसात झड आली की या सगळ्या बंद करायला किती माणसं लागत असतील गो?"

आता हे वाक्य ऐकून तुम्ही हसाल, मी पण हसले, पण दिवसभर माझ्या डोक्यात तेच राहिलं. कारण मंडाले, जिथून हा राजा आला, तो ब्रह्मदेशातला कोरडा पट्टा आहे. पाऊस पडतो पण बेताचा. आणि तिथून उचलून माणसाला आणलं कुठे, तर रत्नागिरीत, जिथे जून ते सप्टेंबर आभाळ घरात येऊन बसतं. ज्यांनी कोकणात पावसाळा काढलाय त्यांना सांगायला नको. मीठ पाझरतं, पापड वातड होतात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी येते, आणि रेशमी साडी जर श्रावणात काढून बघितली नाही तर गौरीला नेसताना तिच्या घडीवर ठिपके. त्या लोकांकडे तर रेशीमच रेशीम. राजदरबाराचे पोशाख. आत्या म्हणाली डांबराच्या गोळ्या टाकत असतील, नाहीतर कडुलिंबाचा पाला. मी म्हटलं त्यांना कोण सांगणार हे? ती म्हणाली, "का, मोलकरणी इथल्याच असतील ना. त्याच सांगणार."

खालच्या बाजूला जुन्या मूर्ती, दगड वगैरे आहेत, त्याबद्दल मी फार बोलत नाही कारण भाचा तिथून वीस सेकंदांत पार झाला आणि मला त्याच्या मागे धावावं लागलं. मग राजाचं सामान, फर्निचर, फोटो. राजाचा, राणीचा, मुलींचा. फोटोतली राणी सुपायालत बघितली की कळतं की हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. राजा तिच्या मानाने मऊ दिसतो.

भाच्याला गोष्ट हवी होती, पाट्या वाचायचा त्याला कंटाळा, मग मी बाहेर पायरीवर बसून सांगितली. जशी सांगितली तशीच इथे टाकते.

थिबा राजा १८७८ ला ब्रह्मदेशाच्या गादीवर बसला, विशीच्या आतबाहेर वय. साधा सरळ होता असं म्हणायची पद्धत आहे, पण गादीवर आल्यावर वर्षाच्या आत त्याच्या भावाबहिणींची आणि नातेवाइकांची जी कत्तल झाली ती काही सरळ गोष्ट नव्हती. हुकूम त्याचा की सासूचा की राणीचा यावर लोक भांडतात, पण राजा तो होता. हे मी भाच्याला सांगितलं, आत्याने डोळे वटारले, पण मला वाटतं बिचारा बिचारा करत राजांच्या गोष्टी सांगू नयेत मुलांना.

मग सागाचं भांडण. ब्रह्मदेशात साग अफाट, आणि तो तोडायचा ठेका होता बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे, म्हणजे स्कॉटिश व्यापाऱ्यांची कंपनी, १८६३ ला आपल्या मुंबईत काढलेली. राजाच्या दरबाराने म्हटलं की तुम्ही ओंडके जास्त नेता आणि हिशोबात कमी दाखवता, आणि २३ लाखांचा दंड ठोकला. कंपनी गेली रडत इंग्रज सरकारकडे. इंग्रजांना निमित्तच पाहिजे होतं, कारण राजा फ्रेंचांशी बोलणी करत होता आणि त्यांना ते खुपत होतं. १८८५ च्या नोव्हेंबरात आगबोटी इरावती नदीतून वर निघाल्या आणि दोन आठवड्यांत खेळ खलास. २९ नोव्हेंबरला राजाराणीला बाहेर काढलं. १ जानेवारी १८८६ ला जाहीर करून टाकलं की हा मुलुख आता आमचा, व्हिक्टोरिया राणीला नवीन वर्षाची भेट म्हणे. लोक डायरी देतात, कॅलेंडर देतात.

भाचा तेव्हा बिस्किट खात होता. त्याला म्हटलं, ती कंपनी अजून आहे बरं का, आता वाडिया ग्रुपकडे, आणि तुझ्या हातातलं ब्रिटानियाचं बिस्किट आहे ना, त्या ब्रिटानियाची मालकी फिरून फिरून तिच्याकडेच जाते. त्याने बिस्किटाकडे बघितलं. मग खाल्लं. अकराव्या वर्षी मी पण खाल्लं असतं, आत्ताही खाते.

आधी रंगून, मग मद्रास, आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. राणी बाळंतपणातून नुकतीच उठलेली, तिसरी मुलगी मद्रासला झाली. चौथी पुढच्या वर्षी इथेच, रत्नागिरीत. म्हणजे चौघींपैकी एक राजकन्या शुद्ध रत्नागिरीकर. आत्या लगेच म्हणाली, "मग तिला नक्की आमरस आवडत असेल."

रत्नागिरीच का, असं भाच्याने विचारलं आणि हा प्रश्न मला आवडला, कारण आम्हाला कधी पडला नव्हता. आम्हाला वाटायचं रत्नागिरी छान आहे म्हणून. अरे, छान म्हणून नाही रे, अडचणीची म्हणून. बंदर असून अडचणीचं. तेव्हा रेल्वे नाही (ती यायला नव्वदचं दशक उजाडलं, आणि तीसुद्धा गावापासून लांब), घाट उतरून यायचं म्हणजे दिवस जाणार, आणि खरा रस्ता एकच, मुंबईहून बोट. ती पण पावसाळ्यात बंद. म्हणजे वर्षाचे चार महिने इथून कोणी पळून जाऊ शकत नाही आणि इथे कोणी पळवायला येऊ शकत नाही. आत्याला बोटीचे दिवस आठवतात, मोठी बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि तिथून पडावातून माणसं किनाऱ्याला यायची, बायका मुलांना छातीशी धरून, पडाव हलला की आई आई. तिने अगदी हात करून दाखवलं कसं उतरायचं ते. मी विचार करत होते की ती राणी पण कशी उतरली असेल, एप्रिलच्या उन्हात, एवढंसं बाळ घेऊन.

आणि वाडा लगेच नाही मिळाला हां. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, येतात, वाडा बघतात आणि म्हणतात मजा होती की कैद्याची. चोवीस वर्षं ही मंडळी सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिली. हा वाडा १९१० ला राहण्याजोगा झाला. १९१६ च्या डिसेंबरात राजा गेला, सत्तावन्न वर्षांचा. म्हणजे ज्याच्या नावाने अख्ख्या गावाला पत्ता मिळाला तो इथे जेमतेम सहा वर्षं राहिला. त्यानंतर इथे काय काय झालं, एके काळी तर पॉलिटेक्निक भरायचं, माझा एक काका तिथलाच, तो अजून सांगतो की आम्ही राजाच्या घरात मशीन ड्रॉइंग शिकलो. त्याच्याइतका थिबाचा अभिमान कुणालाच नसेल.

मधली वर्षं कशी काढली असतील त्यांनी? पैसे पुरायचे नाहीत. पेन्शन होतं पण हात राजाचे. उधारी व्हायची, मग दागिने विकायचे, आणि गावातले लोक ते स्वस्तात घ्यायचे हेही खरं. म्हणून रत्नागिरीत जुन्या घरांमध्ये आजही एक ठरलेली गोष्ट ऐकायला मिळते, की आमच्या पणजीकडे थिबाची अंगठी होती, किंवा माणिक होतं, किंवा निदान एक चांदीचा डबा. आमच्या शेजारच्यांकडेही होती म्हणे. कधी दाखवली नाही. माझा विश्वास नाही यातल्या नव्वद टक्के गोष्टींवर, जेवढ्या अंगठ्या लोक सांगतात तेवढी बोटं नव्हती त्या कुटुंबाला.

आणि एक मोठं माणिक होतं, न्गामौक नावाचं, ते मंडालेहून निघतानाच गेलं. राजाचं म्हणणं की इंग्रजांच्या कर्नल स्लेडनने सांभाळायला म्हणून घेतलं आणि परत दिलं नाही. वर्षानुवर्षं तो अर्ज करत राहिला, रत्नागिरीतून, की माझं माणिक द्या. स्लेडन १८९० ला मेला तरी याचे अर्ज चालूच. सरकारी ऑफिसात एका कागदासाठी ज्यांनी चकरा मारल्यात त्यांना हे दुःख वेगळं समजवायला नको, फक्त इथे कागदाच्या जागी माणिक.

आता एक गोष्ट जी रत्नागिरीत शाळेतल्या पोरांनाही माहीत असते पण मी तारखा लावून कधी बघितली नव्हती. टिळकांचा जन्म १८५६ चा, रत्नागिरीतला, टिळक आळीत ते घर आहे, तिथेही छोटं संग्रहालय केलंय. १९०८ ला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पाठवलं मंडालेला, आणि तिथला तुरुंग कुठे तर किल्ल्याच्या तटाच्या आत, म्हणजे थिबाच्या राजवाड्याच्या अंगणातच म्हणा ना. गीतारहस्य त्यांनी तिथे पेन्सिलीने लिहून काढलं, २ नोव्हेंबर १९१० ला सुरू केलं आणि ३० मार्च १९११ ला संपवलं. आणि राजा या नव्या वाड्यात राहायला आला तो १९१० चा नोव्हेंबर. एकच हिवाळा. हा तिकडच्या जागेत, तो इकडच्या जागेत. मी फोनवर तारखा दोनदा बघितल्या. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "मग एकमेकांना घरं का नाही दिली?" आत्या म्हणाली, टिळकांनी या वाड्यात पाऊलसुद्धा टाकलं नसतं, एवढ्या थाटाला काय करायचंय. असेलही. पण मला वाटतं थंडीत त्या लाकडी कोठडीत बसून लिहिताना त्यांना खाडीवरचा खारा वारा एकदा तरी आठवला असेल. हे आपलं माझं.

पण आत्या आली होती ती राजासाठी नाही, राणीसाठी नाही आणि टिळकांसाठी पण नाही. ती आली होती टुटूसाठी.

राजकन्यांच्या फोटोसमोर आम्ही उभे होतो. बाजूला कोल्हापूरकडचं एक कुटुंब होतं, नवरा बायको दोन मुली, ते पटापट फोटो काढत चाललेले. आत्याने थोरल्या राजकन्येकडे बोट केलं, काचेला लावलं नाही, थोडं लांबच धरलं, आणि त्या बाईंना म्हणाली, "ही टुटूची आई." त्या बाई म्हणाल्या, "कोण टुटू?" झालं. आत्याला एवढंच पाहिजे होतं.

गोष्ट अशी की थोरली राजकन्या, वाढत्या वयाची, बाहेर जायला नाही, तोलामोलाचं स्थळ मिळायला नाही (स्थळ येणार कुठून, राजघराण्यातलाच मुलगा पाहिजे आणि राजघराणं तर इकडे डांबून ठेवलेलं), तिचं जमलं दरवानाशी. गोपाळ सावंत. त्याचं आधीच लग्न झालेलं. त्यांना मुलगी झाली १९०६ च्या सुमारास, तिचं नाव टुटू. आता १९०६ साल, रत्नागिरी, राजकन्या, लग्नाशिवाय मूल, तेही पहारेकऱ्याचं. मुंबई सरकारच्या कागदांपासून ते विहिरीवरच्या बायकांपर्यंत सगळीकडे काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको. त्या कोल्हापूरच्या बाईंनी पण "अगंबाई" केलं. त्यांची मोठी मुलगी मोबाईल खाली ठेवून ऐकायला लागली.

पुढे राजा गेला. राणी म्हणे ह्यांना इथे पुरायचं नाही, मंडालेला न्यायचं. सरकार नाही म्हणालं. शवपेटी तशीच राहिली, महिने नाही, दोन वर्षांच्या वर. शेवटी १९१९ ला इथेच दफन केलं, त्याच्या दुसऱ्या, धाकट्या राणीबरोबर, जी त्याच्याआधी १९१२ ला इथेच गेली होती. आणि मग कुटुंबाला परत ब्रह्मदेशात जायची परवानगी मिळाली. गेले सगळे, रंगूनला. तेहतीस वर्षांनी.

आणि थोरली राजकन्या परत आली.

तिथे आत्या थांबली. तिला गोष्ट सांगता येते, मधे कुठे थांबायचं ते कळतं. परत आली म्हणजे कुणी पाठवली नाही, कुणी डांबली नाही, आपणहून आली रत्नागिरीला, लेकीला घेऊन, गोपाळकडे. जिच्या आईबापांनी तीस वर्षं इथून जायची वाट बघितली ती मोकळी झाल्यावर इथे आली. इथेच राहिली, १९४७ ला इथेच गेली, गरिबीत गेली. आणि टुटू वाढली ती रत्नागिरीची मुलगी म्हणून. ब्रह्मी भाषा तिला यायची नाही, मराठी बोलायची. लग्न पवारांच्या घरात झालं. गोवऱ्या थापायची, कागदाची फुलं करायची असं सांगतात. संसार मोठा, पैसा नाही. २००० साली गेली.

"मी पाह्यली आहे तिला," आत्या म्हणाली. "लांबनं. बाजारात. कोणीतरी मला कोपर मारलं, ती बघ थिबाची नात. मी बघितलं तर आपल्यासारखीच. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल."

"काय दिसेल?" भाचा.

"ते मला कुठे ठाऊक. राजाची नात म्हटल्यावर काहीतरी दिसायला नको? ती कसला तरी भाव करत होती."

कोल्हापूरच्या बाईंनी विचारलं की मग सरकारने काही केलं नाही का त्यांच्यासाठी. आत्याने हात हलवला, म्हणजे जाऊ दे असा. आणि मग जे म्हणाली ते मला अनपेक्षित होतं, कारण आत्या तशी जुन्या वळणाची, शेजारणीच्या मुलीने परजातीत लग्न केलं तर चार दिवस हळू आवाजात बोलणारी. ती म्हणाली, "सगळे म्हणायचे राजकन्येने नाव घालवलं. कसलं नाव घालवलं? त्या घरात तिला एकटीलाच काय पाहिजे ते कळलं होतं." आणि पुढे चालायला लागली. मी अनवाणी मागे.

मला नाही माहीत हे इतकं सोपं होतं का. गोपाळचं दुसरं घर होतं, तिथल्या बाईला काय वाटत असेल, हा पण एक प्रश्न आहेच ना. शिवाय गरिबीत काढलेल्या पंचवीस-तीस वर्षांना आपण लांबून प्रेमाची गोष्ट म्हणतो, जिने चूल फुंकली तिला विचारलेलं नसतं. पण आत्याचा तो सूर, "कळलं होतं" म्हणतानाचा, तो थोडा हेव्याचा होता. मी तो आधी कधी ऐकला नव्हता.

तिथून निघून समाधीला पण गेलो, शिवाजीनगरला, रिक्षाने, कारण माझे पाय भाजायला लागले होते. आजूबाजूला बिल्डिंगा, गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत घातलेले, आणि मधे ती समाधी. शांत आहे. इथे २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन येऊन गेले, आणि २०१६ ला शंभर वर्षं झाली तेव्हा परत तिकडची बडी मंडळी आली होती. आत्याला ते आठवतंय, रस्ते झाडले होते म्हणाली. भाच्याला मी सांगितलं की असंच आपल्या शेवटच्या बादशहाला, बहादूरशहा जफरला, इंग्रजांनी दिल्लीहून उचलून रंगूनला नेलं आणि तो तिकडेच पुरलाय, म्हणजे त्यांचा आपल्याकडे आणि आपला त्यांच्याकडे. तो म्हणाला, "इंग्रज वेडे होते का?" मी म्हटलं वेडे नव्हते, हिशोबी होते.

समाधीपाशी आम्ही असू दहा मिनिटं. आत्याने पर्समधून दोन अबोलीची फुलं काढली, सकाळी देवाला वाहून उरलेली, आणि ठेवली. बौद्ध राजाला अबोली चालते का असं भाच्याने विचारलं, त्यावर ती म्हणाली, "तीस वर्षं राहिलाय तो हितं, त्याला ठाऊक असेल अबोली."

परतताना थिबा पॉइंटला उतरलो. खाली काजळी नदी, भाट्याचा पूल, माडांच्या बागा, आणि पलीकडे समुद्र. संध्याकाळ व्हायला आलेली. मासे पकडणाऱ्या होड्या परत येत होत्या. इथे आलं की सगळे हेच म्हणतात की राजा इथे उभा राहून समुद्राकडे बघत बसायचा, आणि मी पण इतकी वर्षं तेच समजत होते, पण आज बघितलं तर समुद्र पश्चिमेला आणि त्याचा ब्रह्मदेश पूर्वेला, सह्याद्रीच्या पाठीमागे, अख्खा देश आणि वर एक बंगालचा उपसागर ओलांडून. समुद्राकडे बघून त्याला काय मिळणार होतं. बोट दिसली असती फार तर, मुंबईची.

हे मी आत्याला सांगितलं. ती कठड्यावर बसली होती, माझी तुटकी चप्पल मांडीवर घेऊन पिनेने परत काहीतरी खटपट चाललेली. तिने मान वर केली, एकदा समुद्राकडे बघितलं, एकदा मागे डोंगराकडे, आणि म्हणाली, "राहू दे आता, मारुती मंदिरापाशी चांभार बसतो, तो शिवून देईल. ऊठ गो, साडेसहाला नळाला पाणी येतं."

रिक्षावाल्याने विचारलं, कुठून बसलात. भाचा म्हणाला, "थिबा."